डकोटा आणि लाल वाकळ

माझ्या घरात दाराच्या वर एक सन्मानपत्र टांगलेलं आहे. काच, चौकट, खाली साहेबांची सही. त्यात लिहिलंय की झेंडेवाले ज्ञानोबा यांनी प्रसंगावधान राखून विमानाला लाल झेंडा दाखवला आणि मोठा अनर्थ टाळला. ते खोटं आहे. मी झेंडा दाखवला नाही. मी तिथं नव्हतोच. दाखवला माझ्या बायकोनं, गयाबाईनं. ती गेल्या पौषात गेली. शाळेतले मास्तर म्हणाले, दिवाळीच्या अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा, विमानाला झेंडा दाखवणारा माणूस आता कुठं बघायला मिळत नाही. मी हो म्हणालो, ते एवढ्यासाठीच. मी चौथी शिकलेला. चुकलं असेल तिथं मास्तरांनी सुधारावं, पण गोडगोड करू नये.

आधी काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

कापसावर अळी पडली की विमानानं औषध फवारायचे. बाहेरची एक कंपनी विमानं घेऊन यायची, खालची माणसं सरकारची. विमान वरून येतं, त्याला खाली सगळं हिरवं एकसारखं दिसतं. कुठून सुरू करायचं, कुठं थांबायचं, त्याला कळत नाही. म्हणून रानाच्या या टोकाला एक माणूस आणि त्या टोकाला एक माणूस, दोघांच्या हातात दोन पुरुष उंच बांबू, बांबूला पांढरा झेंडा. वैमानिक दोन झेंडे एका रेषेत धरतो आणि त्या रेषेवरून खाली येतो. डोक्यावरून गेला की आपण ठरलेली पावलं टाकून बाजूला सरकायचं आणि परत उभं राहायचं. झालं काम. ऐकायला सोपं आहे. विमान तोंडावर येताना पाय जागेवर ठेवणं सोपं नाही.

नियम थोडे होते, पण ते पाठ पाहिजेत. पांढरा उभा म्हणजे ये. लाल म्हणजे वर जा, थेंब टाकू नको. काम नसेल तेव्हा पांढरा झेंडा जमिनीवर आडवा ठेवायचा, उभा कधीच नाही. काम रद्द झालं तर पांढऱ्या कापडाच्या दोन लांब पट्ट्यांची फुली रानात अंथरायची. विमान चुकून आलंच तर त्याला फुली दिसते. पहिली फेरी कायम कोरडी. त्या फेरीत वैमानिक तारा, झाडं बघून घेतो. दुसऱ्या फेरीला औषध सुटतं. वारा असेल तर काम बंद, कारण औषध उडून भलतीकडं जातं. म्हणून आमचं काम सकाळचं, पान हलत नाही तेव्हाचं.

आणि शेवटचा एक नियम, तो कागदावर नव्हता. हंगाम संपला की वैमानिक एक जादा फेरी मारायचा. औषध बंद, विमान एकदम खाली, आणि आमच्या डोक्यावर आला की पंख डावीकडं उजवीकडं कलवायचा. तो झेंडेवाल्याला सलाम. आम्ही डोक्याची टोपी काढायचो. त्याची माणूस वर्षभर वाट बघायचा.

माझा जोडीदार पाथरीचा मेहबूब. त्या टोकाला तो, या टोकाला मी. नामांतराची ती वर्षं. गावात कुठलाही झेंडा घेऊन शिरलं की लोकांचे डोळे आधी रंगावर जायचे. एका गावात वेशीवर चौघांनी आम्हाला अडवलं.

"कोणाचा झेंडा हाय हा?"

मेहबूब म्हणाला, "बोंडअळीचा. घेता का खांद्यावर?"

एक जण हसला आणि वाट मिळाली. मी एकटा असतो तर मार खाल्ला असता. मला असं बोलता येत नाही.

पहिले काही हंगाम बारकी विमानं होती, एका माणसाची. मग एका वर्षी अळी फारच पसरली आणि कंपनीनं डकोटा आणलं. डकोटा म्हणजे जुनं प्रवासी विमान, दोन पंख्यांचं. आम्हाला जीपमधून नांदेडच्या धावपट्टीवर नेऊन दाखवलं. जमिनीवर ते नाक वर करून, शेपटावर बसल्यासारखं उभं होतं. पोट शंभर ठिकाणी ठिगळ लावलेलं. आतल्या खुर्च्या काढून औषधाच्या टाक्या बसवलेल्या, पण खिडक्या तशाच ओळीनं, आणि खिडक्यांच्या वर जागांचे नंबर तसेच. एका ठिकाणी विडीची राख झाडायची डबीसुद्धा होती.

घरी येऊन हे सगळं गयाला सांगितलं. मी रोज कामावरून आलो की तिला सगळं सांगायचो. दुसरं कोण ऐकणार. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हंजी म्हातारीच हाय की वो ती. माणसं उतरून गेली आन औषधावर दिवस काढायलीय."

वैमानिक हैदराबादचे, आम्ही त्यांना कप्तानसाहेब म्हणायचो. पिकलेल्या मिशा, बोलणं दखनी. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला सांगितलं, "देखो मियाँ, ये छोटा विमान नहीं है. एकदम मुड़ता नहीं, एकदम उठता नहीं. तुम गलत खड़े तो मैं गलत आया. मेरेकू ऊपर से कुछ समझता नहीं, तुमीच मेरी आँखाँ."

ते खरं होतं. बारक्या विमानाला आम्ही पंचवीस पावलं सरकायचो, डकोटाला साठ. ते बाभळीच्या शेंड्यांना घासतंय असं वाटायचं. आधी आवाज छातीत येतो, मग कानात. सावली अंगावरून जाते तेव्हा ऊन विझल्यासारखं होतं. पोटाखालून तेलाचा ओघळ दिसायचा, चाकाची माती दिसायची. मेहबूब पहिल्या दिवशी बांबूसकट आडवा झाला होता. मी उभा राहिलो, पण धोतर ओलं झालं ते दवानं झालं असं मी सगळ्यांना सांगितलं. तेही खोटंच.

राणीसावरगावाकडं एक शेतकरी भेटले. म्हणाले, "माझ्या रानावर फवारा, पण शेजारचं रान भावाचं हाय. त्याच्यावर थेंबबी पडला न्हाई पाहिजे."

मी म्हणालो, "काका, हे इमान हाय, पिचकारी न्हाई. साठ पावलाचा पट्टा पडतो."

"मग त्याच्याकडून अर्धं सरकून जाऊ द्या."

"मग तुमचंबी अर्धं राहील."

त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "राहू द्या. पण त्याला पडू नका देऊ." शेवटी अळीनं दोघांचं सारखं खाल्लं. असल्या माणसांपुढं विमान बरं.

आता तो दिवस.

आमचा आखाडा, म्हणजे शेतावरची वस्ती, सेलूच्या बाजूला. चार घरं, एक विहीर, एक गोठा, आणि गोठ्यापासून ओढ्यापर्यंत सलग पऱ्हाटी, कापसाची झाडं कमरेला लागणारी. त्या आठवड्यात काम आमच्याच शिवारात चालू होतं. आदल्या दिवशी दुपारनंतर जोराचा पाऊस झाला. ओल्या पानावर औषध थांबत नाही, ओघळून जातं. आमच्या हापिसचे साहेब जीपनं आले आणि म्हणाले, "उद्या बंद. मी नांदेडला निरोप धाडतो." मी दवंडी दिली. उद्या फवारणी नाही, औषधासाठी झाकलेल्या विहिरी उघडा, जनावरं सोडा, खुरपायला जा.

झेंड्यांना औषधाचा वास मारायचा. गया ते ओढ्यावर धुवायची, विहिरीवर नाही. एक आदल्या दिवशी धुऊन गोठ्याजवळ लावला होता. दुसरा तिनं त्या सकाळी धुतला आणि ओढ्याच्या काठावरच चिखलात रोवला, ओला बांबू वाहून आणायला जड म्हणून. दोन्ही उभे. झेंडा उभा ठेवू नये हा नियम मला माहीत होता. पण आडवं ठेवलेलं ओलं कापड कुजतं आणि हापिसातून दुसरं मिळायला सतरा हेलपाटे. म्हणून मीच तिला सांगितलं होतं, उभा रोवत जा. चूक माझी.

फुलीच्या पट्ट्या घडी करून घरात होत्या. मी निघताना ती म्हणाली, "अवो, फुली टाकायची का रानात?"

"कशाला? इमान येणार न्हाई. निरोप गेलाय."

"तुमीच म्हणता, काम न्हाई तर फुली."

"मला शिकवू नको."

आणि मी सायकल काढून देवगाव फाट्यावर गेलो. कामाला नाही. पत्ते कुटायला. जाताना तेलाचा डबा कॅरिअरला बांधायला काही सापडेना, म्हणून लाल झेंडाच गुंडाळला. सरकारी लाल झेंडा, त्यात तेलाचा डबा. लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

निरोप नांदेडला पोचला नव्हता. का, ते मला कधी कळलं नाही.

फाट्यावर हॉटेलच्या मागं आम्ही बसलो होतो. आवाज आधी छातीत आला. मग हॉटेलचे पत्रे वाजायला लागले, पत्ते उडाले, आणि डकोटा डोक्यावरून गेलं, तारांच्या जरासं वर. माणसं हसून ओरडायला लागली. मी उभा राहिलो. विमान आमच्या आखाड्याकडं तोंड करून खाली चाललं होतं. आणि माझ्या डोळ्यापुढं दोन झेंडे आले. एक गोठ्याला, एक ओढ्याला. मध्ये सरळ रेष. त्या रेषेत पऱ्हाटी, पऱ्हाटीत खुरपणाऱ्या बाया, आणि रेषेच्या टोकाला उघडी विहीर.

सायकल कशी चालवली ते आठवत नाही. चिखलात दोनदा पडलो.

पुढचं मी बघितलेलं नाही. गयानं सांगितलं, आणि शेजारच्या चंद्रभागाबाईनं सांगितलं. तसंच लिहितो.

रानात नऊ बाया खुरपत होत्या. वाकून बसलेलं माणूस कमरेएवढ्या पऱ्हाटीत वरून दिसत नाही. विमान पहिल्यांदा आलं तेव्हा कोणी आडवं झालं, कोणी कानात बोटं घातली. निघून गेल्यावर सगळ्या उभ्या राहून हसायला लागल्या. गया एकटी हसली नाही. ती गोठ्याजवळ शेण काढत होती. तिला माहीत होतं, पहिली फेरी कोरडी, दुसरी ओली. मी रोज सांगायचो ना.

डकोटाला वळून यायला दोन भाकरी थापाव्या एवढा वेळ लागतो. तेवढाच वेळ होता.

तिनं आधी गोठ्याजवळचा झेंडा उपटायला धरला. पावसानं माती बसली होती, बांबू हलेना. लाल झेंडा शोधला, तो माझ्या सायकलवर. मग कुंपणावर वाकळ दिसली. पावसानं घरात गळून ओली झालेली, सुकायला टाकलेली. तिच्या लग्नातलं लाल लुगडं विरल्यावर तिनं त्याचीच वाकळ शिवली होती. ओली वाकळ म्हणजे एका माणसाचं ओझं. ती तिनं पाठीवर घेतली आणि रानात पळाली.

"चंद्रभागे, धर! त्या टोकाला धर!"

"अगं, काय येड लागलं का?"

"औषध सुटणार हाय आता! बाकीच्या पळा! इहिरीकडं न्हाई, आडव्या पळा, आडव्या!"

दोघींनी वाकळ डोक्यावर ताणून धरली आणि रेषेत उभ्या राहिल्या. चंद्रभागाबाई आजही सांगते, "इमान तोंडावर आलं तवा म्या डोळे मिटले. गयीनं मिटले न्हाईत. ती त्याला शिव्या देत व्हती." विमान त्यांच्यावर आलं आणि शेवटच्या घडीला नाक वर करून गेलं. त्याच्या झोतानं दोघी पडल्या, वाकळ वरून पडली. वाकळीखाली गयानं काय केलं, तर वास घेतला. औषधाचा वास आला नाही. मग ती रडली.

आणि विमान गेलं नाही. मोठी फेरी घेऊन परत आलं, हळू, पहिल्यापेक्षाही खाली. ती वाकळ पांघरून चिखलात बसली होती. तिच्या डोक्यावर आल्यावर त्यानं पंख डावीकडं कलवले, मग उजवीकडं. मग नांदेडकडं निघून गेलं.

मी पोचलो तेव्हा बाया बांधावर बसल्या होत्या. चंद्रभागाबाई म्हणाली, "आले बघा इमानाचे मालक. तेल आनलं का, तेल? तळा आता आमाला."

गयानं माझ्याकडं बघितलं आणि सायकलवरचा लाल झेंडा सोडून घेतला.

दुपारी साहेबांची जीप आली. नांदेडहून कळलं होतं. साहेबांनी विचारलं, "लाल कोणी दाखवला?"

मी तेव्हा रोजंदारीवर होतो. कायम होण्याच्या यादीत माझं नाव होतं. बायकोनं दाखवला म्हटलं की पुढचा प्रश्न, तू कुठं होतास. मग फुली का नाही, झेंडे उभे का. मी खाली बघत होतो. मी खरं सांगणार होतो असं मला आज म्हणता येईल, पण ते मला ठाऊक नाही. कारण गया आधी बोलली.

"ह्यांनीच दाखवला की साहेब. मी घरात व्हते." आणि तेलाचा डाग पडलेला लाल झेंडा पुढं केला.

साहेबांनी चंद्रभागाबाईकडं बघितलं. ती पदर सावरत म्हणाली, "हौ. ह्यांनीच." एकही बाई फुटली नाही. साहेबांनी लिहून घेतलं.

मी कायम झालो. परभणीला कार्यक्रमात शाल मिळाली, नारळ मिळाला, चौकट मिळाली. खिळा गयानंच ठोकला. पाहुणे आले आणि चौकटीकडं बघून माझं कौतुक करायला लागले की ती चहा ठेवता ठेवता म्हणायची, "हौ, लय शूर हायत." पाहुणे खूश. मी चहात तोंड घालायचो.

त्या प्रकारानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी जेवायला वाढताना तिनं विचारलं, "अवो, जाताना इमानानं पंख हलवले. असं, आन असं. ते काय असतंय?"

मला ते काय असतं ते माहीत होतं. त्या वर्षी हंगाम संपायला अजून अवकाश होता. डकोटाचा सलाम मला अजून मिळाला नव्हता, मेहबूबला नव्हता. तिला मिळाला होता. तिला काय सांगावं ते कळेना. खरं म्हणजे कळत होतं, पण जीभ वळेना. मी म्हणालो, "काही न्हाई. वाऱ्यानं हलतंय."

ती म्हणाली, "असंल वारा," आणि तव्यावरची भाकरी उलटली.

आठ दिवसांनी कप्तानसाहेब जीपनं आमच्याकडं आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ज्ञानोबा मियाँ, तुम्हारा लाल झंडा बहुत बड़ा था. और उसकू चार पाँव थे, लुगड़े में." मी घामाघूम. ते हसले. "डरो नक्को, मैंने लिखा नहीं. पर उस बाई कू मेरा सलाम बोलना. ऊपर से बोला मैं. समझे क्या उनो?"

"समझली, साहेब," मी म्हणालो.

गया दहा हातांवर, चुलीपुढं होती. हाक मारली असती तर आली असती. मारली नाही.

डकोटा पुढच्या वर्षी आलं नाही. नंतर तर विमानानं फवारणंच बंद पडलं. शेतकरी पाठीवर पंप घेऊन फवारायला लागले, मला हापिसात कागदं इकडून तिकडं न्यायचं काम मिळालं. ते सांगण्यासारखं नाही. त्या हंगामाच्या शेवटी कप्तानसाहेबांनी आम्हालाही सलाम दिला. मी टोपी काढली. मेहबूब रडला. मला काही वाटलं नाही, कारण त्या सलामाच्या आधीचा सलाम माझ्या घरात दाबून ठेवला होता.

गया शेवटचे सहा महिने अंथरुणावर होती. एक अंग गेलेलं. आभाळात विमानाचा आवाज आला की डोळे वर करायची. म्हणायची, "आता लय वरनं जातात." तेवढंच. सलामाचं सांगायला ती बरी वेळ होती. मी म्हणायचो, "हौ, लय वरनं," आणि तिचं पांघरूण सारखं करायचो.

ती गेल्यावर रीतीप्रमाणं तिचं अंथरूण बाहेर द्यायचं होतं. सगळं दिलं. वाकळ दिली नाही. सुनेनं विचारलं तर मी भांडलो. आता ती माझ्या बाजेवर आहे. लाल कुठं कुठंच उरलंय.

आता जे सांगायचं ते सांगतो. हे लिहायला बसलो तेव्हा तो दिवस मी सकाळपासून परत आठवत गेलो, नियमाच्या क्रमानं, जशी आमची सवय. पाऊस उघडलेला. ऊन पडलेलं. चंद्रभागाबाईला जाऊन विचारलं, म्हटलं, त्या दिवशी झेंडे कसे होते? ती म्हणाली, "कसे म्हंजी? बांबूला चिकटलेले. पानसुदीक हलत नव्हतं."

वारा नव्हताच त्या दिवशी. आणि हे माझ्यापेक्षा गयाला जास्त माहीत असणार, कारण ती तिथं होती. मी नव्हतो. तिला वारा नाही हे माहीत असताना मी तिला वारा म्हणालो, आणि ती "असंल वारा" म्हणाली.

चौकट मी काल काढली. मास्तर, त्या जागी हे छापलेलं पान लावणार आहे. त्यात एवढं ठळक छापा, की लाल गयाबाईनं दाखवला, आणि सलाम तिला होता.